कानातला गोड वास

॥ श्री ॥
बालाघाट
१४ ऑगस्ट २००२

चि. सौ. नूतन हिस,
चारुवहिनीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पाहून दचकशील. घरी फोन असताना वहिनीला लिहायची हौस काहून आली, म्हणशील. फोन सासूबाईंच्या खाटेच्या उशाशी आहे, आणि तुझ्या आईला या वयातही भिंतीपलीकडचं ऐकू येतं. म्हणून शाळेत रिकाम्या तासाला लिहून राहिले. उत्तरही शाळेच्याच पत्त्यावर पाठव.

आधी खुशाली. तुझा भाऊ ठीक आहे. सिंचनच्या ऑफिसात कालव्याची गेटं उघडायचे हुकूम काढतो आणि घरी आईने भुवई वर केली की स्वतःच बंद होतो. पाऊस यंदा रुसलाय, वैनगंगा बेताचीच आहे. ओवी दुसरीत गेली, बाईंची लाडकी आहे, सांगितलेलं सगळं ऐकते. अशी गुणी पोर आपल्या दोघांच्या पोटी कशी आली, हे तुझ्या भावाला नि मला अजून उमगलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहिते ते. गेल्या आठवड्यात तिला ताप आला. साधाच, सर्दीचा, निम्मा वर्ग आजारी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर गोड वास. गुळाचा पाक जरा जास्त कढला की येतो ना, तसा. मी चादर झटकली, औषधाच्या बाटल्या हुंगल्या, खिडकी उघडली. वास पोरीच्या अंगाला येत होता.

सासूबाई आल्या, वाकून तिचा कान हुंगला, आणि खोलीतली बिस्किटं, केळी, सगळं उचलून नेलं. मग म्हणाल्या की पाहुणी आली आहे, ती जाईपर्यंत पोरीच्या तोंडात अन्नाचा कण पडता कामा नये. पाहुणी म्हणजे कोण, ते मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं. सीता, तुझी धाकटी आत्या, आठव्या वर्षी तापात गेली ती. म्हणे या घरातल्या पोरांना ती खेळायला बोलवायला येते आणि येताना हा वास आणते. पोराला जेवू घातलं तर तीही पंगतीला बसते, आणि उठताना त्याला घेऊनच उठते. उपाशी ठेवलं तर कंटाळून एकटी जाते. ओवीच्या पाचवीला सासूबाईंनी तिचा कान हुंगून, साफ आहे म्हणून देवाला नमस्कार केला होता, तो याचसाठी.

मी भांडले. तुझा भाऊ म्हणाला की एवढं आईचं ऐकू. पोरगी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालत होती. भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलायची, आणि मधेच थांबून ऐकायची. तिचं बोलणं मी सहन केलं, ते ऐकणं मला पाहवेना. मग ताप उतरला, वास गेला, पोरीने पोळी मागितली. आता अंगणात उड्या मारून राहिली आहे आणि सासूबाई लढाई जिंकल्यासारख्या फिरतात.

नूतन, हे विचारू नये मी. पण तुझ्या अपूर्वच्या वेळी हाच वास होता का? रागावलीस तरी हरकत नाही, फक्त रागातही लोभ सोडू नकोस.

तुझी
चारुवहिनी


नागपूर
२६ ऑगस्ट २००२

ती. सौ. चारुवहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

रागावले नाही. सहा वर्षांत अपूर्वचं नाव घेऊन मला काही विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकी सगळे असं वागतात की तो झालाच नव्हता.

हौ, हाच वास होता. पाचवीच्या पूजेला आईही आली होती. अंजनाआत्यांनी (केदारशी लग्न होऊन त्या माझ्या सासूबाई झाल्या तरी तोंडून आत्याच येतं) बाळाचा कान हुंगला आणि मागे सरकल्या. मग आईने हुंगला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बारशाची तयारी थांबवली. सीतेने कानात सांगितलं, आता नाव कशाला, असं आत्या स्वयंपाकघरात म्हणाल्या ते मी ऐकलं. नाव मी मनातल्या मनात ठेवलं, पुढे ते फक्त तुम्हाला सांगितलं. बाळ दूध ओढेना. पाळण्यात डोळे मिटून पाय हलवायचं, सायकल चालवतात तसे, एका लयीत. आत्या म्हणाल्या की ती त्याला चालवून नेते आहे. बारशाच्या दिवसाआधीच तो गेला.

पुढे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. एका दिवशी कुणाच्या तरी बाळाच्या लघवीची बाटली उघडली आणि मला खुर्चीत बसावं लागलं. तोच वास. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आईबापांकडून येणारा आजार आहे, लाखात एखाद्याला होतो. दुधातला, डाळीतला एक भाग शरीराला जिरवता येत नाही. तो साचतो, त्याचं विष होतं, मेंदूवर चढतं. वास त्या साचलेल्या मालाचा. सीतेचा नाही.

पण वहिनी, मला एक कोडं पडलं आहे. ते म्हणाले की अशी बाळं महिनाभरही टिकत नाहीत. ओवी सात वर्षांची आहे. तिला हा आजार असेल तर ती जिवंत कशी, आणि नसेल तर तो वास कुठून आला? दादाच्या हाती तिच्या लघवीची बाटली बर्फात ठेवून पाठवा. आणि पुन्हा ताप आला तर कोणी काहीही म्हणो, उपाशी ठेवू नका. दूध-वरण बंद, पण साखरपाणी, भाताची पेज देत राहा. डॉक्टरला दाखवायला एक चिठ्ठी सोबत ठेवली आहे, ती पर्समध्ये असू द्या.

लोभ तर आहेच, आता लक्षही असू द्यावं.

आपली
नूतन


नागपूर
३० सप्टेंबर २००२

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. दादाने आणलेला नमुना तपासला, दोनदा तपासला. एकदम स्वच्छ, काहीच नाही. केदारने पेढे आणले. आत्यांनी दुधाचे म्हणून ते बाजूला सारले आणि डब्यातला गूळ काढून खाल्ला.

मला मात्र पेढा गिळेना. डॉक्टर म्हणतात की नमुना चांगल्या दिवसाचा आहे. वासाच्या दिवसाचा आणा, मग बोलू. देव करो आणि तो दिवस न येवो, पण आला तर बाटली विसरू नका.

ओवीला पापा. पत्राला उशीर झाला तर जीव टांगणीला लागतो, एवढं ध्यानात असू द्यावं.

आपली
नूतन


॥ श्री ॥
बालाघाट
२० जानेवारी २००३

चि. सौ. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

यंदा तिळगूळ पाठवत नाही. का ते वाचशीलच.

पाच महिने मी रोज सकाळी ओवीचा कान हुंगत होते, सासूबाईंची नजर चुकवून. भूगोलाची मास्तरीण, आणि हे धंदे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिला कणकण होती. घरात तिळाचे लाडू चालले होते, शेजारीही तेच, अख्खी गल्ली पाकाच्या वासाने भरलेली. मी गॅससमोर पाक ढवळत उभी, आणि पोरीच्या खोलीतला वास मला माझ्याच कढईचा वाटला. सकाळभर वाटला. दुपारी सासूबाई म्हणाल्या की परात झाकून इकडे ये, हा वास आपल्या गुळाचा नाही.

ओवीचे डोळे उघडे होते, पण आमच्याकडे पाहत नव्हती. मी साखरपाणी करून आणलं. मला वाटलं सासूबाई वाटी हिसकावतील. त्यांना काही करावंच लागलं नाही. पोरीने दात घट्ट मिटून घेतले. ऑगस्टमध्ये आजीने सांगितलं होतं ना, पाहुणी असताना खायचं नाही म्हणून. चमचा दातांवर वाजत होता आणि पाणी हनुवटीवरून उशीत जात होतं. नूतन, मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गुणीपणाचा राग आला.

तुझा भाऊ दारात आईच्या बाजूला उभा. मी म्हणाले की तू कुणाचा मुलगा आहेस ते मागाहून ठरव, आज हिचा बाप हो. ते कुठे लागलं कोण जाणे. त्याने पोरीला उचललं, सासूबाई आडव्या आल्या, त्यांना वळसा घालून तो बाहेर पडला आणि ऑटो थांबवला. डॉक्टर आधी तुझ्या चिठ्ठीवर नाराज झाले, मला शिकवता का म्हणाले. मग पोरीच्या तोंडाजवळ वाकले, आणि त्यांचा चेहराच बदलला. लगेच ग्लुकोजची ड्रिप लावली. नमुना मी आइस्क्रीमच्या डब्यात बर्फ भरून ठेवला, तो केदारजींनी येऊन नेलाच.

ओवी आता घरी आहे, खाते-पिते आहे. पण एक गोष्ट तुला सांगते, तुझ्या भावाला सांगितली नाही. ड्रिप सुरू असताना तिने डोळे उघडले आणि खाटेवर थोडी सरकली. कुणी आलं की आपण जागा करून देतो ना, तशी. मी दुसऱ्या बाजूला बसले होते.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. पोरगी वाचली तरी बोलत नाहीत. मी तिला पाहुणीसमोर खाऊ घालायला निघाले, आता पुढच्या खेपेला ती सोडायची नाही, असं शेजारणीला सांगत होत्या. आणि खरं सांगू, मलाही भीती वाटते. कशाची ते मला नीट सांगता येत नाही. लवकर काहीतरी कळव, लोभ आहे म्हणूनच हा हट्ट.

तुझी
चारुवहिनी


नागपूर
११ जुलै २००३

ती. सौ. चारुवहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

त्या दिवसाच्या नमुन्यात औषध घालताच पिवळाधमक साका बसला, म्हणजे तोच आजार, हे फोनवर बोललेच होते. फेब्रुवारीत आपल्या सगळ्यांचं रक्त आमच्या डॉक्टरांनी परदेशातल्या लॅबला पाठवलं, त्याचं उत्तर आलं. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. निवांत बसून वाचा.

तुमच्या बालाघाटच्या धानाच्या गिरण्यांसारखंच समजा. तो न जिरणारा माल दळायला शरीरात एक गिरणी असते. तिला दोन मोटारी, एक आईने दिलेली, एक बापाने. एक बिघडली तरी दुसरीवर माणूस सुखाने जन्म काढतो. दादा, मी, केदार, तुम्ही, सगळे तसेच. आता, आपल्या घराण्यातली जी बिघडलेली मोटार आहे ती मुळीच फिरत नाही. केदार माझा आतेभाऊ, घराणं एकच, म्हणून अपूर्वला माझ्याकडून ती बंद मोटार मिळाली आणि त्याच्याकडूनही तीच. त्याची गिरणी कधी सुरूच झाली नाही.

ओवीला दादाकडून तीच बंद मोटार मिळाली. पण तुमच्याकडून मिळाली ती निराळी आहे. तीही बिघडलेलीच, पण हळू का होईना, फिरते. रोजच्या दिवसाला तेवढी पुरते, म्हणून पाचवीला कान साफ होता आणि चांगल्या दिवसाचा नमुनाही. पण ताप आला आणि वर उपास घडला, की शरीर आपलंच मांस मोडायला घेतं, हंगामातल्यासारखा ढीग येऊन पडतो आणि ती हळू मोटार गुदमरते. वहिनी, अपूर्व कोणत्याही घरात जन्मला असता तरी त्याला वाचवणं कठीण होतं. ओवीचं तसं नाही. तिला मारायला आपला उपासच लागतो.

आता दुसरं. आत्यांचं रक्त आम्ही केदारच्या निमित्ताने पाठवलं होतं. त्यांच्या दोन्ही मोटारी बिघडलेल्या निघाल्या. एक आपली बंद, आणि दुसरी हुबेहूब तुमच्यासारखी, तीच चूक त्याच जागी. त्यांची आई लीलाबाई कटंगीकडची, तुमचं माहेरही तिकडचंच, मागे कुठेतरी दोघींची एकच आजी असणार. सत्तरीच्या बाई, कधी दवाखाना पाहिला नाही. अंगाला मधूनमधून गोड वास यायचा तर आम्ही म्हणायचो चोरून गूळ खाल्ला, आणि मी मेली चिडवायचे. वरण-दुधाला जन्मात हात लावला नाही, ते त्यांच्या जिभेलाच कळत असावं.

आणि सीता त्यांची सख्खी पाठची बहीण. आठ वर्षं हसतखेळत होती, म्हणजे अपूर्वसारखी नव्हती, ओवीसारखी असणार. तिचं रक्त आता कुठून आणायचं. पण तो कागद हातात घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. या एका गोष्टीपुरती सीताच तुमच्या घरात पुन्हा वावरून राहिली आहे.

मी आत्यांना विचारलं की दोघी सारख्याच, मग तुम्ही कशा वाचलात.  त्या म्हणाल्या की सांगीन, पण विमलला, म्हणजे आईला सांगीन, समोर बसून. महालक्ष्म्यांना त्या बालाघाटला येतील. त्यांना सांभाळून घ्या, आणि आमच्यावर आहे तो लोभ वाढता असू द्या.

आपली
नूतन


॥ श्री ॥
बालाघाट
१८ सप्टेंबर २००३

चि. सौ. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

ओवी बरी आहे. आधी हे वाच, म्हणजे बाकीचं धीराने वाचशील.

आत्या आल्या, महालक्ष्म्या झाल्या. पुरणपोळीकडे नाक मुरडून त्यांनी भात-भाजीवर असा हात मारला की तुझा भाऊ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ओवी शाळेत असताना, त्यांनी सासूबाईंना हाताला धरून बसवलं. मी दारात तांदूळ निवडत होते.

आत्या म्हणाल्या की त्या अकरा वर्षांच्या होत्या. दोघी बहिणींना एकदमच ताप आला, एका खाटेवर होत्या, आणि खोलीत वास. लीलाबाईंनी अन्न बंद केलं. तेव्हाही घरातले पाहुणी आली असंच म्हणाले. पण नूतन, तेव्हा सीता तर जिवंत होती. पाहुणी म्हणून ते दुसऱ्याच कुणा पोरीचं नाव घ्यायचे, तिच्याही आधी गेलेल्या. ते ऐकून मी हातातलं सूप खाली ठेवलं. ओवी गेली असती, तर या घरात पुढे कधी पोराला वास आला की तिचंच नाव घेतलं असतं.

आत्या म्हणाल्या, मी पहिल्यापासून हावरी. माय नदीवर गेली की मी धडपडत उठून शिळा भात नि गूळ खाऊन यायची. सीतेसाठी मुठीत लपवून आणला. तिनं तोंडच उघडलं नाही. माय ओरडेल म्हणे. ते शहाणी होती, मी वांड. मायनं रडत रडत तिले उपाशी ठेवलं, तिचा जीव राहावा म्हणून.

 सासूबाई म्हणाल्या, म्हंजे ते पोरायले न्याले नाही येत अंजनाबाई, ते भुकेली हाय म्हणून येते. तुझे कागद मी त्यांना दोनदा वाचून दाखवले होते, मोटारी समजावल्या होत्या. ते काही त्यांच्या गळी उतरलं नव्हतं. हे उतरलं.

आत्या नागपूरला परतल्यावर आठवड्याने ओवीला ताप आला. या खेपेला वास मला आधी आला. मी पेज टाकायला गेले तर सासूबाई आधीच गॅसपाशी, पेजेत साखर नि तुपाची धार घालून ढवळत होत्या. वाटी घेऊन त्याच खाटेवर बसल्या. ओवीने दात मिटले, मागच्यासारखेच. सासूबाई म्हणाल्या की मीच सांगितलं होतं ना, आता मीच सांगते, खा. तरी नाही.  तुझा भाऊ ऑटो आणायला धावला.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं की का खात नाहीस राजा. ती म्हणाली, आई ओरडेल. मला रडूच फुटलं. मी म्हणाले की अगं, मी कधी ओरडले तुला खाण्यावरून? ती म्हणाली की तू नाही. आणि खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला बोट केलं, जिथे तिने आधीच थोडी जागा करून ठेवली होती. म्हणाली, हिची.

आत्यांनी सांगितलेलं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तुझ्या भावाला विचारलं, सासूबाईंनी देवाची शपथ घेतली. तुझ्या कागदात याची कुठे मोटार असेल तर मला दाखव.

मी उभीच राहिले. सासूबाई मात्र अजिबात घाबरल्या नाहीत. वाटी घेऊन त्या रिकाम्या जागेकडे वळल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या की सीते, आता कोणी ओरडत नाही बाई तुले, दोघी बी खा. मग चमचा भरला, आणि ओवीने तोंड उघडलं.

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवलंस तरी चालेल. तुझा लोभ आम्हा सगळ्यांवर राहो, आहोत तेवढ्या सगळ्यांवर.

तुझी
चारुवहिनी